अकराव्या मजल्यावरचा धक्का

काँक्रीटच्या इमारतीत धक्का कुठून निघतो आणि कुठे पोचतो, हे मला विचारायचं. बावीस वर्षं हेच करतोय. खाली वजन आपटलं तर वरच्या बिऱ्हाडात कपातला चहा किती हलेल, हे मी इमारत उभी राहायच्या आधी कागदावर सांगतो. हिशेब उलटाही चालतो. वरचा धक्का दाखवा, खाली किती किलो पडलं ते सांगतो. आजवर चुकलेलो नाही.

चुकलो ते ब्रन्सविक उपनगरात, एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता.

दुसऱ्या मजल्यावर लोसाची जिम उघडायची होती. लोसा सामोआ बेटांवरची, वजन उचलण्यात राज्यात पहिली आलेली. वीस वर्षं दुसऱ्यांच्या जिममध्ये शिकवून आता पहिल्यांदा स्वतःची काढत होती. शनिवारी उद्घाटन, तिच्या चर्चमधले झाडून सगळे येणार. पण अकराव्या मजल्यावरच्या नेव्हिल नावाच्या निवृत्त ट्रामचालकाने तक्रार केली होती: तुम्ही आत्तापासूनच सरावाला वजनं आपटता, माझा चहा बशीत सांडतो. आता प्रमाणपत्रावर माझी सही झाली तरच जिम, नाहीतर दाराला टाळं.

"मधल्या आठ मजल्यांवर कुणाला पत्ता नाही, आणि याच्याच घरी भूकंप?" लोसा म्हणाली.

"म्हाताऱ्याचे हात थरथरत असतील," मी म्हणालो. "अर्ध्या तासात सही देतो. तू खायला काय आणलंयस ते बाहेर काढ."

माझी सहकारी डल्सी मोजणीचं यंत्र घेऊन नेव्हिलच्या बैठकीच्या खोलीत बसली. मी वॉकीटॉकी घेऊन खाली. नियम साधा आहे. साठ किलोचा बार कमरेच्या उंचीवरून सोडायचा, आणि तो जमिनीला लागतो त्या क्षणी वरची जमीन किती हलते ते लिहायचं.

"तीन, दोन, एक, सोड!"

धप्प.

"काही नाही," डल्सी म्हणाली. "म्हणजे, आला धक्का. पण तीन सेकंद आधी."

"घड्याळं जुळवली नाहीस."

"तूच जुळवलीस, गेझ."

पुन्हा जुळवली. दुसऱ्यांदा धक्का सहा सेकंद आधी आला. वायर बदलली. तिसऱ्यांदा बारा. चौथ्या वेळी डल्सी "आला" म्हणाली तेव्हा लोसा नुसता बार धरून उभी होती. मी म्हटलं, सोडू नकोस, बघू या काय होतं ते. लोसाने बार घट्ट धरला. चोविसाव्या सेकंदाला तो तिच्या घामट हातातून निसटला.

पाचवा अठ्ठेचाळीस सेकंद आधी. सहावा दीड मिनिटाहून जास्त. आमचं हसणं तोवर थांबलं होतं.

"सातवा आला," डल्सी म्हणाली.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "लोसा, बार स्टँडवर ठेव. हात लावू नकोस. धक्का आला, आणि खाली काही पडलंच नाही, तर दोष तुझा कसा?"

"गेझ, ऐक," डल्सीचा आवाज बारीक झाला होता. "हा साठ किलोचा नाहीये. एकशे शहाण्णव. आणि उसळी नाही. लोखंड उसळतं. हे काहीतरी मऊ आहे."

"नेव्हिलचा सोफा असेल!" म्हणत मी झोकात सही ठोकली.

लोसाने आनंदाने आरोळी दिली, मला कवेत घेतलं आणि बारसारखं थेट डोक्यावर उचललं. मी छताचे स्क्रू मोजेपर्यंत तिचा पाय सरकला.

धप्प.

"तीन मिनिटं बारा सेकंद," वॉकीटॉकीतून आलं. "परत दुप्पट."

मी चौऱ्याऐंशी किलोचा. लोसा एकशे बारा. आडवा पडल्या पडल्या मी बेरीज केली.

"आता प्रमाणपत्र फाडणार?" लोसाने विचारलं. तिचे डोळे भरले होते.

मी पाठीवर पडूनच नियम पुन्हा आठवला. वस्तू पडते त्या क्षणी. आणि त्या क्षणी वरची जमीन सातही वेळा निवांत होती.

"नाही गं. नियमात तू पास आहेस," मी म्हणालो. माझा आत्मविश्वास परत आला होता.

"गेझ," डल्सी म्हणाली. "आत्ता आठवा आलाय. अठ्ठावन्न किलो. उसळी नाही."

म्हणजे आमच्याकडे सहा मिनिटं चोवीस सेकंद होते.

"डल्सी, तुझं वजन किती?"

"तुला काय करायचंय?"

"सांग गं!"

"एकाहत्तर."

आमच्यात अठ्ठावन्नचं कुणीच नव्हतं. लोसाने देवाचे आभार मानले. तरी धोका नको म्हणून आम्ही दोघं जमिनीवरच बसून राहिलो, हात फरशीला टेकवून. तिने डुकराच्या मांसाचे वाफवलेले गोळे काढले. बसलेला माणूस काय पडणार!

चार मिनिटं गेली.

पाच.

माझा घास तोंडातच राहिला. "डल्सी, नेव्हिल किती किलोचा असेल?"

थोडी खरखर झाली.

"तो इथे नाहीये. लोसा पास झाली हे ऐकून तिची माफी मागायला बशीत केक घेऊन खाली निघालाय."

लिफ्टची घंटी वाजली. दार उघडलं. किरकोळ अंगाचा, इस्त्रीच्या शर्टातला म्हातारा हसत बाहेर आला.

"अंकल, तिथेच थांबा!" लोसा जिवाच्या आकांताने ओरडली.

नेव्हिल दचकला.

अकरा वाजून बेचाळीस मिनिटं अठरा सेकंदांनी त्याचं खुब्याचं हाड मोडलं. त्या क्षणी वरच्या यंत्रावरची रेघ सरळ होती.