वीतभर खोल

सावरटेकच्या जुन्या जकातनाक्यात आता तंतुगृह होते आणि गावाच्या इंटरनेटचा सगळा जीव तिथल्या तीन कपाटांत होता. प्रकाशतंतूंचे हे जाळे गावाने कंत्राटदाराचे पाय न धरता, सहकारी संस्था काढून स्वतः टाकले होते. ज्याने त्याने आपल्या दारापुढचा चर आपण खणायचा, तीन फूट खोल, आणि संस्थेच्या माणसाने पट्टी घालून मोजायचा, असा रिवाज. त्याचा अभिमान एवढा, की पाहुण्यापुढे चहाच्या आधी चराची गोष्ट यायची.

यमुना धोत्रे ही तंतुगृहाची तंत्रज्ञ खाणवाडीची. खाणवाडी म्हणजे गावापासून सव्वाचार किलोमीटरवर, दगडखाणीच्या खोलगटात बसलेली बत्तीस घरे. मोबाइलची रेंज तिथे उतरत नसे. तिचा बाप मरीबा चाळीस वर्षे दगड फोडून फुप्फुसात धूळ साठवून बसला होता. त्याला घरी श्वासयंत्र मिळत होते, पण जिल्ह्याच्या डॉक्टरांची एक अट होती: यंत्र काय सांगते ते त्यांना सतत दिसले पाहिजे. म्हणजे घरात तंतू हवा. यमुनेने खाणवाडीपर्यंत विस्ताराचा ठराव तीनदा मांडला आणि तीनदा तो पडला. वर्षभरात सात वेळा तंतू तुटला होता. तो खाणवाडीचे लोक तोडतात याबद्दल गावात दुमत नव्हते. पुरावा कुणाकडेच नव्हता, त्यामुळे खात्री अधिकच पक्की होती.

शेवटी यमुनेने शहरातल्या एका संशोधन केंद्रातल्या डॉ. वसुधा किराणे यांना गाठले. त्या आपले तंतुश्रवणयंत्र घेऊन आल्या आणि गावच्या संस्थेचे अध्यक्ष बाजीनाना थोरवे सगळे संचालक मंडळ घेऊन चोर बघायला येऊन बसले.

"तंतूत प्रकाशाचा ठोका सोडला की काचेतल्या प्रत्येक बारीक खोटीवरून त्यातला कणभर प्रकाश मागे फिरतो," किराणेबाई म्हणाल्या. "याला परतप्रकाश म्हणतात. वरची जमीन हलली की खालची काच केसाच्या लाखाव्या भागाइतकी ताणली जाते. तेवढ्यानेही परतप्रकाश बदलतो. तो किती वेळाने परतला यावरून जागा कळते, आणि कसा बदलला यावरून वर काय झालं ते."

"म्हणजे तंतूला कान आहेत म्हणा की," नाना म्हणाले.

"कान एका जागी असतो, नाना. हे लांबच्या लांब कातडं आहे. मात्र मातीचं पांघरूण जाड असलं तर त्याला काही जाणवत नाही. तुमचा तंतू तीन फूट खोल आहे, म्हणजे कुणी खणायला लागलं तरच कळेल. वीतभर खोल असता, तर वीस पावलांच्या आतलं बोलणंसुद्धा ऐकू आलं असतं."

मंडळी हसली. यंत्र सुरू झाले. पडद्यावर गावाचा नकाशा उमटला. तो काळाभोर राहायला हवा होता, पण त्यात अकरा ठिपके दिव्यासारखे पेटले. किराणेबाईंनी सर्वांत ठळक ठिपका निवडून त्याचा आवाज मोठा केला.

आवाज नानांच्या पत्नीचा, सिंधूकाकूंचा होता. अंगणात बसून त्या कुणाला तरी सांगत होत्या, "अगं, वीतभर खणलं आणि वर फरशी टाकली. पट्टीवाल्याला ह्यांनीच सांगितलं, तीन फूट लिही म्हणून. आता दर सणाला मंडपाची खुंटी ठोकली की ते तुटतं, आणि नाव त्या खाणवाल्यांचं."

अकरा ठिपके होते आणि संचालक अकरा होते. हा हिशेब मांडायला यंत्र लागत नव्हते. खोली कमी तेवढे ऐकू जास्त. ज्यांनी आळस केला त्यांचीच घरे उघडी पडली होती, आणि ज्यांनी मुकाट्याने तीन फूट खणले त्यांच्या घरातले ब्रह्मदेवालाही कळत नव्हते.

नाना म्हणाले, आमच्या हिला काय कळतंय, आणि यंत्र बंद करायला लावले.

यमुनेला वाटले, सत्य बाहेर आले, आता विस्तार होणार. ती पंचविशीची होती. सत्य बाहेर आले की कुणाच्या तरी अंगणात जाऊन बसते, हे तिला अजून माहीत नव्हते. तातडीची सभा भरली. अकरा घरांचेच नव्हे, सगळ्या गावाचे चर चार फुटांवर न्यायचे ठरले. खणणार कोण? नानांनी तोडगा काढला: खाणवाडीला तंतू द्यायचाच आहे, तर त्यांनी आपले श्रमदान आधी करावे. खाणवाडीची माणसे पहारी घेऊन आली आणि चाळीस दिवसांत सावरटेक बहिरे करून गेली. असे सरळसोट चर गावाने पाहिले नव्हते. संचालकांनी तर त्यांच्यासोबत फोटोही काढून घेतले.

मग विस्ताराचा ठराव आला आणि एकमताने मंजूर झाला. खाली एक ओळ होती: खाणवाडीच्या वाटेवर व वस्तीत तंतू वीतभर खोल टाकावा आणि त्यावर श्रवणयंत्र कायम ठेवावे.

"तिथं खडक आहे," नाना म्हणाले.

"नाना, ती माणसं खडकच फोडतात," यमुना म्हणाली.

"मग तेवढा तरी त्रास वाचवू त्यांचा." नाना अगदी मायेने हसले. "आणि पोरी, ऐकायला कुणीतरी बसवावंच लागेल. परका माणूस ठेवू, की तूच बसतेस?"

यमुनेने रात्रभर नव्हे, पाचच मिनिटे विचार केला. बापाचा श्वास एका पारड्यात होता. दुसऱ्यात जे होते ते परक्याच्या हाती जाण्यापेक्षा आपल्या हाती बरे, असे तिला वाटले. आपण ऐकू आणि विसरून जाऊ. तिने सही केली.

वस्तीत जाऊन तिने काही लपवले नाही. तंतू काय करतो, किती लांबचे ऐकतो, सगळे सांगितले. तंतूपासून वीस पावले मोजून चुन्याची रेघही मारून दाखवली. शेजारच्या शेवंतामावशीने, जिने आई गेल्यावर यमुनेला जेवू घातले होते, शांतपणे ऐकून घेतले.

"ऐकायला तू बसणार?"

"मीच, मावशी. बाहेरचं कुणी नाही."

"हे तर परक्यापेक्षा वाईट. परक्याला आमचे आवाज तरी ओळखू आले नसते."

एकतीस घरांनी तंतू नाकारला. बत्तिसावे घर मरीबाचे. त्याला नाही म्हणायला पुरेसा दम नव्हता. संस्थेने विस्तार पूर्ण झाल्याचे जाहीर केले.

श्वासयंत्र उत्तम चालले. मरीबाच्या ओठांचा निळेपणा गेला. तंतुगृहात बसून यमुना त्याची धाप, खोकला, भांड्याचा आवाज ऐके. श्वासयंत्राला जोडलेल्या ध्वनिवर्धकातून त्याच्याशी बोलताही येई. बाकी पडद्यावर काहीच नसे. बापाच्या ओट्यावर पूर्वी रोज संध्याकाळी आठ-दहा जण बसत. आता कुणी फिरकत नव्हते. कोणी रागावले नव्हते. ते फक्त रेघेबाहेरून चालत. शेवंतामावशी दुपारची भाकरी अजून आणत होती, पण एकविसाव्या पावलावरच्या दगडावर ठेवून जात होती. मरीबा नाकातली नळी काढून खुंटीला अडकवी, वीस पावले जाई, भाकरी उचले आणि वीस पावले येई. यमुना ती पावले मोजत असे. पहिल्या आठवड्यात दोन्ही खेपांना मिळून दीड मिनिट लागे. पाचव्या आठवड्यात साडेचार.

सहाव्या आठवड्यात एका दुपारी तो परतताना पावले उंबऱ्यापर्यंत आली, आत दोन पडली, आणि मग काहीतरी जड आपटले. भाकरीची थाळी गोल फिरत फिरत थांबली. श्वासयंत्र खुंटीवरच्या नळीतून रिकाम्या भिंतीला हवा घालत राहिले.

शुद्ध हरपल्यावर नळीशिवाय फार तर चार मिनिटे, असे डॉक्टर म्हणाले होते. स्कूटरने नऊ लागत.

पडद्यावर, रेघेच्या कडेला, पावले होती. जेवणाच्या सुट्टीनंतर खाणीवर परतणारी माणसे. तिने ध्वनिक्षेपकाचे बटण दाबले आणि बापाच्या घरातल्या ध्वनिवर्धकातून जीव खाऊन ओरडली, "मावशी, आत या. बा पडलाय. कुणीतरी आत या."

खाणीवर दगड चुरणारे यंत्र धडधडत होते. दारातून बाहेर पडून रेघेपर्यंत पोचताना तिच्या बोलण्यातले शब्द गळून गेले. उरला तो नुसता आवाज, पण तिचाच, ऐकणाऱ्या घरातून आलेला.

पावले थांबली. तिने मोजली. सोळा माणसे होती, आणि त्यांतले एक पाऊल डाव्या बाजूला किंचित घासत पडणारे, शेवंतामावशीचे.

ती पुन्हा ओरडली. सोळाच्या सोळा माणसे मागे सरली. एकविसाव्या पावलापुढचे तंतूला काही कळत नसे, म्हणून त्यानंतर पडद्यावर भिंतीला लागणारी हवा तेवढी राहिली.