चार नंबरचा खुंटा

भालचंद्र खोबरेकराने पंचवीस वर्षांत अर्ध्या बंदराचे टीव्ही जोडले होते. चित्र दिसत नाही म्हणून लोक त्याला हाका मारत. चित्र फारच छान दिसतं म्हणून बोलावणारी सुलभा कोयंडे पहिलीच.

"भालदादा, ह्यांची होडी रोज सांजेक धक्क्याक लागता, चार नंबरच्या खुंट्याक. माका हय टीव्हीत दिसता. पण अकरा दिवस झाले, हे घराक येनत नाय. आणि शेजारीण म्हणता, थंय होडीच नाय."

"मगे धक्क्यार जावन बघूचा ना!"

"भांडान झाला आमचा. मी गेलंय तर माजीच हार." तिने पदराने नाक पुसलं. "रोज तांदूळ टाकतंय त्येंच्यासाठी."

त्या बंदरात सगळ्याच बायका तसं करत. धक्क्यावरचा कॅमेरा स्थानिक केबलवर दिवसभर चालू असे आणि आपली होडी टीव्हीवर दिसली की चुलीवर भात चढे.

भालचंद्रने पडद्याकडे पाहिलं. जयवंत कोयंडेची निळी होडी खुंट्याला संथ डुलत होती. नाळेवरच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरच्या, झेंडूच्या हारातली फुलं मोजता आली असती, इतकं स्वच्छ चित्र. हार अगदी ताजा होता. भालचंद्र टीव्हीच्या मागे वाकला आणि चपापला. सेट टॉप बॉक्समधून तीच जुनी पिवळी-लाल-पांढरी वायर आली होती. त्यानेच लावलेली. असल्या वायरीतून होडीचा नंबरसुद्धा धड वाचता येत नाही, फुलं कुठून यायची?

त्याने टीव्ही आणि बॉक्स पुरवणाऱ्या कंपनीच्या चित्रतज्ज्ञ नीरजा परुळेकर यांना फोन लावला.

"साध्या वायरीतून दहातला एकच ठिपका येतो," त्या म्हणाल्या. "उरलेले नऊ टीव्हीतला आमचा प्रोग्राम, चित्रपूरक, रंगवतो."

"कशावरून?"

"पाहणाऱ्याच्या डोळ्यांवरून. पडद्याच्या वर बारीक कॅमेरा आहे. नजर एखाद्या जागी काहीतरी शोधत राहिली, की त्या जागी पूर्वी काय दिसत होतं ते आठवणीतून काढून तो तिथे मांडतो. चाचणीत लोकांना तेच चित्र सर्वांत सुरेख वाटलं."

"आणि चांगली केबल लावली तर?"

"एचडीएमआय? मग सगळे ठिपके खरे येतात. त्याला रंगवायला जागाच उरत नाही. पण ती तर आम्ही प्रत्येक बॉक्सबरोबर देतो!"

देत होते खरंच. भालचंद्र मात्र पिशवीतली जुनी वायर लावून मोकळा होई आणि नवी केबल गिऱ्हाइकाच्या हातात ठेवी. गिऱ्हाईक ती जपून ठेवी. सुलभानेही कपाटातून तिची केबल आणली ती प्लास्टिकच्या पिशवीतच, वर रबर लावलेली.

त्याने पिना उपसल्या, नवी केबल खोचली, रिमोटवरून जोडणी बदलली. पडदा क्षणभर काळा झाला.

मग धक्का दिसला. शेवाळलेल्या पायऱ्या, तेलाचा तवंग, चार नंबरचा खुंटा. खुंट्यापाशी नुसतं पाणी होतं.

सुलभा पडद्याजवळ गेली. तिने त्या पाण्यावर बोट ठेवलं. "आत्ता हुती," ती पुटपुटली. मग ती खाली बसली. "अकरा दिवस, भालदादा. मी रागान बसलंय आणि त्येंका कोणी सोदूक पण गेला नाय!"

भालचंद्रला स्वतःची भयंकर लाज वाटली. पण लाजत बसायला वेळ नव्हता. त्याने टेकडीवरच्या बंदर कार्यालयात फोन केला. होड्यांच्या हजेरीचं काम पाहणारे सावर्डेकर शांतपणे म्हणाले, "जयवंत कोयंडे? आहे की. हा काय, समोर पडद्यावर दिसतोय."

"सायेब, टेकडीवरून खाली उतरा आणि डोळ्यांनी बघा!"

"अहो, खाली कशाला? संध्याकाळी यादी घेऊन बसतो. ज्या होड्या आल्या नाहीत असं वाटतं, तेवढ्याच पडद्यावर नीट शोधतो. शोधलं की सापडतातच." सावर्डेकर खुशीत हसले. "आणि खोबरेकर, हा पडदा तुम्ही जोडून दिलात, फार उत्तम काम झालं. पूर्वी दर मोसमात दोन-चार होड्यांसाठी शोधपथक पाठवावं लागायचं. तुमचा पडदा आल्यापासून एकदाही पाठवलेलं नाही."