न उसवलेला खांदा

"फेकाफेकी" असं खाली कमेंटमध्ये लिहिणारे लिहितीलच. त्यांना माझा आधीच नमस्कार. उदगीरला या, आमचं दुकान बघा, मग बोला.

१९ डिसेंबर २०२३. मंगळवार. दुपारचे तीन.

भर उजेडात झालेली गोष्ट आहे ही... म्हणूनच पचत नाही.

मी वर्षाराणी. माझे अप्पा, मडिवाळप्पा, चाळीस वर्षांपासून उदगीरला कोट शिवतात. तरुणपणी हैदराबादला एका म्हाताऱ्या उस्तादाकडून साहेबी कोटाचं काम शिकले. छातीला आतून लागणारा जाड कॅनव्हास हातानं टाचायचा, चिकटवायचा नाही. आधी पांढऱ्या दोऱ्यानं कच्चा कोट, मग ट्रायल, मग पक्की शिलाई. मी दुकानात काज करते. तुझ्या सुईपेक्षा तोंड जास्त चालतं, असं अप्पा म्हणतात. खरंच आहे ते.

त्या वर्षी मोंढ्यातल्या सिद्रामप्पा काकांनी एक कापड आणलं. लेकानं लंडनहून पाठवलेलं. करडी लोकर, किनारीवर इंग्रजीत तिथल्या गिरणीचं नाव विणलेलं.

अप्पांनी ते गालाला लावून बघितलं. माझ्या लग्नात सुद्धा एवढे हळवे झाले नव्हते!

कच्च्या कोटाची ट्रायल झाली. काका आरशासमोरून हलेनात.

"मडिवाळप्पा, आता हा लवकर दे बाबा."

चौथ्या दिवशी काका गेले. झोपेतच.

आम्ही लिंगायत, आमच्यात जाळत नाहीत. माणसाला मांडी घालून बसवतात आणि तशीच समाधी देतात. अप्पा माती द्यायला गेले होते.

महिन्यानं आम्ही तो अर्धा कोट परत द्यायला गेलो. नागम्मा काकूंनी त्याला हातसुद्धा लावला नाही.

"मी काय करू ह्याचं? तुमच्या अमरेशला घाल. पोरगं नवरदेव हाय. फक्त ह्यांच्या मापाची शिलाई सगळी उसव आन् मग नव्यानं शिव."

"हाव, वहिनी," अप्पा म्हणाले.

अमरेश माझा धाकटा भाऊ. नांदेडला नोकरीला. दहा दिवसांवर त्याचं लग्न होतं.

अप्पांनी पोटाकडची शिलाई उसवली. बाकी उसवलीच नाही.

मी बोललेच. माझ्या तोंडाला कुठं कुलूप?

"अप्पा, काकूंना शब्द दिलाय तुम्ही."

ते कोटाच्या खांद्यावरून हात फिरवत राहिले.

"वर्षे, असा खांदा जन्मात एकदा बसतो. कसा उसवू? आन् अमरेशच्या खांद्याचं माप तेच हाय."

मी गप्प बसले. तिथंच चुकलं माझं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, तर कोट चुरगळलेला.

मागचा घेर दबलेला... आणि डाव्या बाहीला कोपरात खोल घड्या. उजवी बाही मात्र सपाट.

अस्सल लोकर अशी वागत नाही. चुरगळली तरी टांगून ठेवा, सकाळपर्यंत घड्या उतरतात. इथं उलटंच. मी स्वतः इस्त्री करून टांगलेला कोट होता तो.

अमरेशला फोन लावला. "काल येऊन कोट घालून बसला होतास का रे?"

"अक्का, मी नांदेडला हाय. येडी झालीस का?"

किल्ली फक्त अप्पांकडे असते.

परत इस्त्री केली. परत त्याच घड्या... त्याच जागी.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच काज करून राहिले होते. मशीन बंद. रस्त्यावर सुद्धा सामसूम.

कर्र...

शिवणीवर ताण आला की कापड तसं बोलतं. जाड माणूस कोट घालून खाली बसताना येतो तो आवाज.

मी वर बघितलं. कोट हँगरवरच होता. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "उंदीर असतील." उंदीर! चाळीस वर्षांत आमच्या दुकानात उंदीर निघाला नाही.

मग तो मंगळवार. अमरेश ट्रायलला आला.

कोट अंगावर ओतल्यासारखा बसला. अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही वाटलं, जाऊ दे, मीच उगाच भ्याले.

अमरेश आरशात बघत होता. बघता बघता त्याचा चेहरा सैल पडला.

"अप्पा... जरा बसतो."

मी स्टूल पुढं केलं. तो स्टुलावर बसला नाही.

तो खाली फरशीवर बसला. मांडी घातली. पाठ ताठ केली.

आणि डावा तळहात छातीसमोर धरला... रिकामा. नजर त्या तळहातावर.

समाधीत आमच्या माणसाच्या डाव्या तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात. डाव्या बाहीला घड्या का पडत होत्या, ते मला तेव्हा कळलं.

"अमरेश, ऊठ."

त्यानं बघितलं नाही.

मी आणि अप्पांनी काखेत हात घालून ओढलं. साठ किलोचं पोरगं... दोघांना मिळून तसूभर हललं नाही. श्वास इतका हळू, की मी नाकाशी बोट धरून बघितलं.

अप्पा घाबरले की कानडीवर येतात. "एळो! एळो अमरेश!" ऊठ, ऊठ म्हणून ओरडत होते. मग त्यांनी मोठी कात्री उचलली आणि तोच खांदा कापला. मग दुसरा. कापताना लहान लेकरासारखे रडत होते.

कोट गळून पडला. अमरेशनं मोठा श्वास घेतला आणि म्हणाला, "काय झालं? रडताय कशाला?"

आम्ही ते तुकडे काकांच्या समाधीशेजारी पुरले. लग्न रेडिमेड कोटात लागलं. नव्या नवरीला, अक्षराला, आम्ही काही सांगितलं नाही. शुभकार्यात कशाला, म्हणून.

हळदीच्या दिवशी मी अमरेशला एकटं गाठून विचारलं.

"अक्का, उठता येत नव्हतं असं न्हाई. मला उठायचंच नव्हतं... लई शांत होतं तिथं."

मी ते अप्पांना सांगितलं नाही. आजपर्यंत.

आज सकाळी नांदेडहून अक्षराचा फोन आला.

"ताई, हे पहाटेपासून खाली बसलेत. हाक मारली तर बघत नाहीत. डावा हात समोर धरलाय. श्वास सुद्धा नीट..."

अप्पांनी माझ्या हातातून फोन ओढला.

"अंगात काय हाय त्याच्या? कोट हाय का? काप! आधी कात्रीनं काप ते!"

"कोट कुठला, मामा? साधं बनियन हाय."

अप्पांनी फोन हळूच मला परत दिला.

हे मी बसमध्ये लिहून राहिले. कंधार मागं पडलं. अक्षराला सांगितलंय, त्याला हलवत राहा, बोलत राहा, शेजाऱ्यांना बोलव, डॉक्टरला बोलव. दर पाच मिनिटांनी फोन लावते. तो अजून तसाच बसलाय.

अप्पा शेजारच्या सीटवर आहेत. आत्ता म्हणाले,

"वर्षे, आता काय उसवू गं मी?"

मी त्यांचा हात धरून बसले आहे. नांदेड अजून तासभर लांब आहे.