ओळख न पटलेली फाईल

आमच्या ऑफिसात सगळ्यांचा कोड एका जागी असतो आणि ब्राउझरमध्ये उघडून वाचता येतो. ते वाचायचं पान मी आणि माझ्या बायकोने मिळून लिहिलं. फाईल कशाची आहे हे ओळखायचा भाग तिचा. आधी नावाचं शेपूट, म्हणजे टिंबापुढची अक्षरं, बघायचं. शेपूट नसेल तर आतले पहिले काही बाइट्स. कोड असेल तर रंगीत अक्षरं, चित्र असेल तर चित्र, आवाज असेल तर वाजवायचं बटण. काहीच कळलं नाही, तर करड्या चौकटीत एक ओळ: ‘ओळख पटली नाही.’

मग नदीत तिची होडी उलटली. बाकीचे सापडले, ती नाही. मला दोनदा बोलावणं आलं. दोन्ही वेळा चादर बाजूला झाल्यावर मी नकारार्थी मान हलवली. त्यानंतर ती ओळ माझ्याने वाचवेना.

सासूबाई आमच्याकडेच असतात. मी त्यांना आईच म्हणतो. “पोरगी पट्टीची पोहणारी आहे,” एवढंच त्या म्हणायच्या, आणि दाराला कडी लावू द्यायच्या नाहीत.

तिच्या फोल्डरमध्ये एक बिनशेपटाची फाईल राहिली होती. उघडली की करडी चौकट. तरी मी ती रोज उघडायचो. का, ते विचारू नका. एका सकाळी चौकट नव्हती. पान साधा मजकूर दाखवत होतं: कडेला ओळींचे आकडे, समोर नुसत्या कोऱ्या ओळी.

शेजारच्या टेबलावरच्या मास्तरला दाखवलं. दुसऱ्याची चूक त्याला लांबून दिसते, म्हणून तो मास्तर. त्याने सगळं तपासलं.

“फाईल तिने ठेवली तशीच आहे. एक अक्षर हललेलं नाही.”

“मग ओळखणारा कोड कोणी बदलला?”

“तोही तसाच आहे.” त्याने पान बंद केलं. “घरी जा तू. चार दिवस झोप काढ.”

पुढच्या आठवड्यात तिथे वाजवायचं बटण आलं. दाबलं. कान पाण्यात बुडवल्यावर येतो तसा घुमा आवाज, आणि त्यात काहीतरी लयीत. मास्तरने हेडफोन लावला आणि लगेच काढला.

“कोणीतरी श्वास घेतंय,” तो म्हणाला. त्या दिवशी त्याने एकही विनोद केला नाही. मला मात्र वेड्यासारखा आनंद झाला.

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर मी घरीच लॅपटॉप उघडला. आता फाईल चित्र झाली होती. सगळं मातकट. उजेड वाढवला, डोळे फाडून पाहिलं. त्या रंगाशिवाय काही नाही. माझा बांध फुटला. आई हात पुसत बाहेर आल्या आणि माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहू लागल्या.

त्या दचकल्या नाहीत.

“ओल्या केसांनी बसू नकोस गं,” त्या म्हणाल्या. “थांब, आले.”

“आई, काय दिसतंय तुम्हाला?”

“गप्प बस जरा. गारठलीये ती.”

कपाटातून कोरा टॉवेल काढून त्या आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटलं.

आतून त्यांचं हलकं बोलणं ऐकू येत होतं. मधे थांबायच्या. मग ‘हो गं’ म्हणायच्या.

बऱ्याच वेळाने बाहेर आल्या.

“मला बघू द्या तिला,” मी म्हणालो.

“आत्ताच डोळा लागलाय. उठवू नकोस.”

त्यांनी टॉवेल दोरीवर टाकला. त्यातून फरशीवर थेंब पडू लागले.

गढूळ.