बंबावरची मुलगी

"कुणी मोठे साहेब येणार आहेत का?" जिन्याच्या कठड्यात डोकं अडकलेला माणूस मला विचारत होता.

"मीच आलेय. मान हलवू नका."

शाळेचा जिना. गृहस्थ चित्रकलेचे सर. सगळा वर्ग पायऱ्यांवर बसून फुकटची गंमत बघत होता.

"पण डोकं घातलंतच कशाला?"

"मुलांना दाखवत होतो..."

"काय?"

"की कठड्यात डोकं घालू नये."

हसू दाबायचं प्रशिक्षण अग्निशमन दलात देत नाहीत. मी कसंबसं दाबलं. कानांना साबणाचं पाणी लावलं, यंत्रानं दोन गज फाकवले आणि सर सुटले. कान लालबुंद, नाकावर फेस... आणि तशातही माझ्याकडे बघत म्हणाले, "एवढ्या लवकर सुटायचं नव्हतं."

"परत अडकवू?"

मग त्यांचं आमच्या अग्निशमन केंद्रावर येणं सुरू झालं. आधी आभार मानायला. मग शाळेत आगीचं प्रात्यक्षिक हवंय म्हणून. मग – नुसतंच. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. एकदा पावसाच्या भुरभुरीत एका छत्रीखाली चालताना तो हळूच म्हणाला, "तुझ्या केसांना धुराचा वास येतो."

"मग लांब चाल."

"छे... छत्री लहान आहे."

छत्री चांगली ऐसपैस होती.

बाबांना तो आवडला. बाबाही बंबावरचेच. एका आगीतल्या धुरानं त्यांची छाती कायमची धरली. आता घरात चार पावलं चालले तरी धाप लागते. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. बंब निघताना डोळे मिटायची सवय मला त्यांचीच. 'देवा, जेवढे निघालोय तेवढे परत आण.' एवढंच मागायचं आणि चढायचं.

त्याच्या आईनं मला घरी बोलावलं. चहा झाला, कौतुक झालं, मग त्या मुद्द्यावर आल्या.

"लग्नानंतर हे आगीत शिरणं बंद. टेबलावरचं काम मागून घे."

"नाही, काकू."

"आणि तुझे बाबा?"

"माझ्याजवळच राहतील."

"मुलीच्या जातीला एवढा ताठा बरा नव्हे."

"ताठा कसला? माझं काम आहे. बाबा माझे आहेत. दोन्हीतलं काहीच सुटणार नाही."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो कपात बघत होता. मी उठले, चपला घातल्या आणि निघाले. जिना उतरेपर्यंत डोळे कोरडे ठेवले. त्यानंतरचं कुणी पाहिलं नाही.

काही दिवसांनी तो केंद्रावर आला. मी ओले पाइप वाळत टाकत होते.

"गप्प का बसलास?"

"कारण आई बोलली ते..." तो अडखळला, "मलाही हवं होतं. तू परत आली नाहीस तर... मी काय करायचं?"

खरं बोलला म्हणून राग निम्मा उतरला. निम्मा तसाच राहिला.

"भीती मलाही वाटते. रोज वाटते. पण ती तुला वाटते म्हणून मी घरी बसायचं? नाही जमणार. दुसरी बघ."

तेवढ्यात घंटा झाली. रंगाच्या गोदामाला आग. मी धावत बंबावर चढले, डोळे मिटले. उघडले तेव्हा तो अजून तिथेच उभा होता.

गोदामात धूर इतका, की पुढे धरलेला हात दिसेना. माळ्यावर रखवालदार अडकला होता. वरिष्ठ ओरडले, "छत धरणार नाही, मागे फिर!" माळ्यावरून खोकल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "साहेब, माणूस जिवंत आहे," आणि शिडी चढले. त्याला खांद्यावर घेऊन खाली उतरले, बाहेर आलो, आणि मागे छताचा कोपरा कोसळला. शिव्या पुष्कळ खाल्ल्या. पण आम्ही सगळे परत आलो, एक जास्तीचा घेऊन.

संध्याकाळी घरी आले तर तो बाबांच्या खाटेशी बसलेला. चेहरा पांढराफटक.

बाबा म्हणाले, "दुपारपासून बातम्या बघतोय. चारदा दारापर्यंत गेला, पण पळाला नाही."

तो उठला. माझ्या गालावरची काजळी बोटानं पुसायला गेला, आणखीच पसरवली.

"भीती गेली नाही," तो म्हणाला. "आजच्याएवढी कधी वाटलीच नव्हती. तरी... सोडू नकोस."

"काय?"

"नोकरी. आणि – मलाही."

पण मी त्याला एवढ्यावर सोडणार नव्हते. "आईला कोण सांगणार?"

"मी."

"कधी?"

त्यानं तिथल्या तिथे फोन लावला, स्पीकरवर टाकला. आवाज कापत होता, पण शब्द ठाम होते. "आई, ती नोकरी सोडणार नाही. तिचे बाबा आमच्याबरोबर राहतील. तुला पटो न पटो, मी लग्न करीन तर तिच्याशीच."

पलीकडून मग काकूंचा आवाज आला, बसलेला.

"टीव्हीवर दाखवत होते ते गोदाम... ती आली का रे घरी?"

मी फोन घेतला. "आले, काकू."

"भाजलंबिजलं नाही ना कुठे?"

"नाही."

"मग आधी जेवून घे." आणि पुढे म्हणाल्या, "मला काही हे पटलेलं नाही हं. उद्या ये, बोलू."

"उद्या ड्यूटी आहे."

"मग परवा."

"परवा येते," मी म्हटलं. "पण काकू, ऐकून घ्यायला नाही... भांडायला येते."

"ये की," त्या म्हणाल्या. "मी कुठे घाबरते!"