तीन दिवसांची काजळी

गच्चीच्या जिन्यात दोघांची टक्कर झाली आणि तिच्या हातातला काळवंडलेला गाळणकागद त्याच्या पांढऱ्या शर्टावर उमटला.

"आई गं! सॉरी... हवेतली काजळी आहे, डाग जायचा नाही."

"राहू दे की," तो हसला. "हिच्यासाठीच तर इतक्या लांबून आलोय."

तो ढगांवर संशोधन करायला आला होता; प्रयोगशाळेत सगळे त्याला 'ढगवाले' म्हणू लागले. ती तिथली साहाय्यक. रोज सकाळी गच्चीवरच्या यंत्रातला कागद बदलायचा, वजन करायचं, आकडा वहीत लिहायचा. कशासाठी, ते तिला त्यानेच सांगितलं. काजळीचे कण ऊन पिऊन हवा तापवतात, काही फिकट कण ऊन परतवून गारवा देतात, आणि ढगातला प्रत्येक थेंब असाच एखादा कण धरून जमतो.

"म्हणजे एवढाही आधार नसेल तर ढगच नाही?"

"टेकायला कुणीतरी लागतंच ना..." तो तिच्याकडे बघत म्हणाला. तिचे कान तापले.

महिन्याभराने तो जुनी वही घेऊन धावत आला. "हे बघा! मी यायच्या आधी सलग तीन दिवस काजळी निम्म्यावर, आणि नेमके तेव्हाच ढग दाट! म्हणजे काजळीने तापलेल्या हवेतच ढग विरतात! उद्या प्रयोगशाळेच्या सभेत हेच मांडतो. श्रेय तुमचं!"

ते तीन दिवस ती मैत्रिणींबरोबर भटकायला गेली होती. परत आल्यावर मनानेच आकडे ठोकून दिले होते. कोण बघतंय!

दुसऱ्या दिवशी सभागृहाच्या दारात तिने त्याला गाठलं आणि मान खाली घालून सगळं सांगून टाकलं.

त्याने हातातली वही मिटली. "का सांगितलंत? कुणाला कळलं नसतं."

"तुम्ही ज्या नजरेने बघता ना माझ्याकडे... ती फसवून मिळवलेली नको होती मला."

तो आत गेला. "तीन दिवसांचे आकडे वगळतोय," तिला ऐकू आलं. "तपासायला मी चुकलो."

तो तिची चूक स्वतःवर घेत होता! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती आत शिरली. "ते आकडे मी लिहिले. खोटे," ती भरसभेत म्हणाली. प्रयोगशाळेच्या साहेबांनी तिला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. तिने ऐकून घेतलं.

सकाळी ती गच्चीवर गेली, तर तो आधीच हजर.

"पहारा द्यायला आलात?"

"राग आलाय मला. अजून गेला नाही."

"असू द्या..."

"पण तुम्हाला बघितल्याशिवाय दिवस सुरूच होत नाही—त्याला काय करू?"

तिने पुन्हा मान खाली घातली. लाज वाटतच होती... पण ही कालची लाज नव्हती.