दहा झाल्यावर सांगा

सौदामिनीनं त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा चक्क हाकलून लावलं होतं.

नांदेडच्या त्या खासगी दवाखान्यात डायलिसिसची खोली दुसऱ्या मजल्यावर होती आणि तिथं नातेवाइकांना मज्जाव होता. हा माणूस मात्र धर्माबादच्या नागम्माच्या खाटेला स्टूल लावून, मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन, खुशाल गप्पा हाणत बसला होता.

"ओ, नातेवाइकांनी बाहेर थांबायचं. पाटी वाचता येते ना?"

त्यानं वळून पाटी वाचली. सावकाश आणि मोठ्यानं, वर्गात वाचून दाखवावी तशी. मग शर्टाची डावी बाही वर सरकवली. मनगटापासून वर डायलिसिसची शीर टरारून फुगलेली होती.

"थांबतो की बाहेर, मॅडम. पण माझं मशीन आत हाय... ते एकटं काय करंल?"

"अय्यो पोरी, पेशंट हाय तो!" नागम्मा खोकत खोकत हसली.

सौदामिनीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती ज्या नव्या पेशंटला शोधत वर आली होती, तो हाच होता. श्रीमंत त्याचं नाव. श्यामनगरच्या एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचा. मूळचा किल्लारीकडचा, शिकला लातूरला. लातूरच्या क्लासेसचा डंका तेव्हा एवढा वाजत होता, की नांदेडवालेही मास्तर तिकडूनच मागवायचे. वर्गात फळ्यासमोर उभा राहिला की पोरं खिळून बसायची म्हणे. फक्त अधूनमधून त्याला फळ्याचाच आधार घ्यावा लागायचा.

कारण अंगात रक्त नव्हतं. मूत्रपिंडं बिघडली की शरीराला रक्त तयार करायचा हुकूमच सुटत नाही, आणि माणूस पांढराफटक पडत जातो. त्यावर एक जुनं इंजेक्शन होतं. आता नवं आलं होतं, आणि ते जुन्याच्या तोडीस उतरतं का हे तपासायची ट्रायल या दवाखान्यात सुरू झाली होती. कुणाला जुनं, कुणाला नवं, हे पेशंटला ठाऊक नव्हतं, डॉक्टरांना नव्हतं आणि सौदामिनीलाही नव्हतं. उमरीच्या निवृत्त गुरुजींची ही मुलगी, बी.एस्सी. झाल्या झाल्या इथं लागली होती. पेशंटला सगळं समजावायचं, दर भेटीत ठरलेले प्रश्न विचारायचे आणि उत्तरं नोंदवायची, हे तिचं काम.

तिनं त्याला नियम वाचून दाखवले. "रक्त चढवायची वेळ आली तर आधी आम्हाला सांगायचं. परस्पर कुठंही घ्यायचं नाही."

"का हो?"

"नियम आहे," ती म्हणाली आणि पुढचं वाचायला लागली. पुढं अजून नागम्माला तेलुगूमिश्रित मराठीत तेच सगळं समजवायचं होतं. घाई होती बिचारीला.

त्या दिवशी त्याचं हिमोग्लोबिन सात भरलं. न्यायचं होतं दहाच्या वर.

मग काय! आठवड्यातून तीनदा तो यायचा आणि आठवड्यातून तीनदा सौदामिनीला वरच्या मजल्यावर काहीतरी काम निघायचं. रक्तदाब काय पाहायचा, वजन काय विचारायचं. नागम्मा डोळे मिटून पडायची, पण कान उघडे ठेवून.

"मॅडम, हात लावून बघा इथं," एकदा तो म्हणाला आणि डावा हात पुढं केला. तिनं त्या फुगलेल्या शिरेवर दोन बोटं टेकवली. आत अखंड थरथर चालली होती... मांजर मांडीवर घुरघुरतं ना, तशी.

"ही मोटार चोवीस तास चालू असती," तो म्हणाला. "तुमी आल्या की जरा जोरात चालती."

"असं? नोंदवू का तसं?"

"नोंदवा की. मी काय भिऊन राहिलो का?"

तिनं बोटं काढून घेतली... पण जरा उशिरानं. त्यानं ते पाहिलं, आणि त्यानं पाहिलेलं तिनंही पाहिलं.

त्याला पाणी मोजून प्यावं लागे, फळांवर बंदी होती. तरी दवाखान्याबाहेरच्या गाड्यावर तो एक ग्लास मोसंबीचा रस हटकून मागवायचा आणि तिच्या हातात द्यायचा.

"आणि तुम्ही?"

"मी बघून राहिलो ना. माझी तहान बघूनच भागती."

असं कुणी बघत असल्यावर रस घशाखाली उतरतो का? सौदामिनीला ठसका लागायचा. तो हसायचा, आणि हसता हसता त्यालाच धाप लागायची. मग मात्र ती ग्लास खाली ठेवायची.

श्रावणात विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले. अख्खं नांदेड पाणी बघायला लोटलं, त्यात ही दोघंही होती. पाण्याचे तुषार थेट कठड्यापर्यंत उडत होते. तिच्या पापण्यांवर थेंब बसले होते, आणि तो पाणी सोडून तिच्या पापण्याच बघत होता.

तिथं त्यानं पहिल्यांदा भूकंपाचं सांगितलं. गणपती बुडवून आल्यावर गाव झोपलं होतं. आई-बाप झोपेतच गेले. थोरल्या बहिणीनं, रुद्राणीअक्कानं, दगडमाती हातानं उपसून त्याला बाहेर ओढलं, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. अक्कानंच वाढवलं, शिकवलं. आणि आता तीच त्याला किडनी देणार होती. तपासण्या झाल्या होत्या, सगळं जुळत होतं. दिवाळीनंतर हैदराबादला ऑपरेशन ठरलं होतं.

"दोनदा जन्म देणारी बहीण कुणाला मिळती का, सांगा," तो म्हणाला. "सौदामिनीमॅडम... मला तुमाला एक सांगायचंय."

तिला कळलं. बाईमाणसाला असलं कळायला वेळ लागत नाही. ओठांवर 'सांगा ना' आलंसुद्धा. पण पेशंटशी असलं नातं नोकरीत बसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर... तिला तो क्षण अजून थोडा पुरवून खायचा होता.

"आत्ता नाही," ती म्हणाली. "हिमोग्लोबिन दहा झाल्यावर सांगा."

"दहा? मास्तरीण का काय तुमी! आणि न्हाई झालं तर?"

"मग बसा. दसऱ्याला पुण्याचं स्थळ यायचंय मला बघायला. त्याच्या आत झालं तर बघू."

स्थळाचं तिनं चिडवायला म्हणून सांगितलं होतं. तो हसला, पण जरा उशिरा.

आकडा वर चढला, नाही असं नाही. साडेआठच्या पुढं गेला आणि तिथंच ठाण मांडून बसला. भाद्रपद आला. "किती?" तो विचारायचा. "तेवढंच," ती म्हणायची. त्याचा आणि नागम्माचाही डोस थोडा वाढवायचं डॉक्टरांनी ठरवलं होतं, पुढच्या महिन्यापासून. "धीर धरा," ती म्हणाली. त्याच्याकडं बाकी सगळं होतं, धीर तेवढा नव्हता.

अनंत चतुर्दशीला तो अक्काकडं लातूरला गेला. दरवर्षी जायचा, आई-बापाच्या नावानं पान वाढायला.

परत आल्यावर रक्त तपासलं. दहाच्या वर!

रिपोर्ट हातात घेऊन सौदामिनी जिना धावत चढली. पण आधी ठरलेले प्रश्न विचारणं भाग होतं. ती तोंड शक्य तेवढं कोरडं ठेवून विचारत गेली. "ताप आला होता? नवीन औषध काही? मागच्या भेटीनंतर कुठं रक्त चढवलं?"

"न्हाई," तो म्हणाला. खिडकीबाहेर बघत म्हणाला.

एरवी तिच्यावरून नजर न हटवणारा माणूस आज खिडकीकडं का बघतोय, हे तिच्या मनात आलं. पण तिला वाटलं, लाजला. आता बोलायची वेळ आली म्हणून लाजला! प्रेमात पडलेल्या माणसाला सगळं आपल्यासारखंच दिसतं.

"झालं का दहा?" त्यानं विचारलं.

"झालं."

"मग आता सांगतो. मला तुमच्याशी लगीन करायचंय. हाव म्हणा, न्हाई म्हणा... पण पुण्याला जाऊ नका."

शेजारच्या खाटेवरून नागम्मा म्हणाली, "बोल की ग!"

आणि सौदामिनीनं काय करावं? ती हसली. डोळे भरून आले होते तरी हसली आणि म्हणाली, "दिवाळीनंतर. हैदराबादहून बरे होऊन या, मग उत्तर." घरी जाऊन तिनं पुण्याचं स्थळ मोडलं, आईची बोलणी खाल्ली, रात्रभर सुखानं जागी राहिली. सगळं केलं. फक्त एका अक्षराचा शब्द तेवढा दिवाळीवर ढकलला.

हैदराबादहून तो ठरल्यापेक्षा फार लवकर परतला. ऑपरेशन झालंच नव्हतं.

ऑपरेशनच्या तोंडावर त्याचं आणि अक्काचं रक्त शेवटचं एकदा पडताळून बघतात. या वेळी जुळलं नाही. आधी जुळत होतं, आता नाही. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, मध्यंतरी रक्त घेतलं होतं का? अक्काच पटकन म्हणाली, "घेतलं की. माझंच दिलं."

लातूरच्या एका लहानशा दवाखान्यात हे घडलं होतं. श्रीमंतनं अक्काला सांगितलं, मला रक्त वाढवायचंय, लवकर वाढवायचंय. का, ते नाही सांगितलं. अक्का म्हणाली, परक्याचं रक्त कशाला अंगात घ्यायचं, घरचं असताना? आपल्याकडं सगळेच असं म्हणतात. गट एक होता. तिनं हात पुढं केला. ज्या हातानं माती उपसली, तोच.

त्या एका बाटलीनं त्याच्या शरीराला अक्काच्या पेशींची ओळख पटली आणि शरीरानं त्यांना वैरी ठरवलं. आता तिची किडनी ते राहू देणार नव्हतं. दुसरं कुणी द्यायला घरात होतंच कोण?

तो स्टुलावर बसून हे सगळं सांगत होता, एखादं अवघड गणित समजावून द्यावं तसा, आवाज न चढवता. सौदामिनी उभी होती. परस्पर रक्त घ्यायचं नाही, एवढंच तिनं वाचलं होतं. का, ते विचारलं तर म्हणाली होती, नियम आहे.

"खोटं का बोललात माझ्याशी?"

"खरं सांगितलं असतं तर दहा धरले असते का तुमी?"

तिला ते नोंदवावं लागलं. तिनंच स्वतःच्या हातानं नोंदवलं, आणि त्याचं नाव ट्रायलमधून गेलं. तो लातूरला अक्काकडं निघून गेला. वाढलेल्या डोसवर नागम्मा देवदिवाळीच्या सुमारास दहावर पोचली. आपली आपण, कुणाचं रक्त न घेता. रिपोर्ट सांगायला गेलेली सौदामिनी तिच्या खाटेशी बसली आणि म्हातारीच्या कुशीत तोंड खुपसून रडली.

मग ती लातूरला गेली.

अक्काच्या अंगणात तो दोन-चार पोरांना शिकवत बसला होता. तिला बघून पोरांना त्यानं सुट्टी दिली. अक्कानं पाणी आणून दिलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सौदामिनीला वाटलं.

"मी उत्तर द्यायला आलेय," ती म्हणाली. "हो. माझं उत्तर हो आहे, श्रीमंत. सात होतं ना, तेव्हापासूनच आहे."

तो तिच्याकडं बघत राहिला. किती दिवसांनी असा सरळ बघत होता.

"मग बोलायचं होतं की तवाच..."

"मला वाटलं, वेळ आहे."

"मला उलटंच वाटलं, वेळच न्हाई." तो हसायला गेला, जमलं नाही. "सातला हाव म्हणाल्या असत्या ना, तर नाचत घरी गेलो असतो मी. आता म्हणून राहिल्या, तर मला वाटणार, कीव करून राहिल्या. मशीनवर जाताना रोज वाटणार. तुमी कितीबी सांगा."

"कीव नाही हो ही! तेच हो आहे, तेव्हाचंच."

"ठाऊक हाय मला. मला ठाऊक असूनबी तसंच वाटणार, त्याला काय करू? आणि तुमी रोज माझ्याकडं बघून रडत बसणार. आपल्याच्यानं न्हाई व्हायचं ते. जावा मॅडम. नांदेडची गाडी निघंल."

ती उठली. निघताना तिनं त्याचा डावा हात हातात घेतला. कुणी बघतंय का, याची तिला आज पर्वा नव्हती.

"मी म्हटलेलं परत घेणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही ते स्वीकारू नका हवं तर."

त्यानं हात सोडवून घेतला नाही. तिनंच सोडला, कारण गाडीची वेळ झाली होती, आणि तो थांबा म्हणत नव्हता.